धूर, जठर आणि दोन नळांचा हौद

हौदाची गणिते तुम्ही सोडवली असतीलच. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्या नळाने तो आठ तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ एकदम सोडले तर हौद भरायला किती वेळ लागेल? शाळेत असताना मला या गणितांचा फार राग येई. हौद भरायचा आहे तर खालचा नळ उघडा ठेवणारा हा शहाणा कोण, असे मी एकदा गुरुजींना विचारले होते आणि उरलेला तास वर्गाबाहेर काढला होता. पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागल्यावर कळले, की निसर्गातले बहुतेक हौद असेच असतात. चुलीवरच्या भांड्यात खालून उष्णता येते आणि वरून निघून जाते. आपल्या शरीरातही असंख्य द्रव्ये एका बाजूने येत असतात आणि दुसऱ्या बाजूने जात असतात. किती आले याइतकेच किती गेले हेही महत्त्वाचे असते.

आज हे हौदाचे गणित जरा निराळ्या जागी वापरून पाहू या. त्याला कारण घडले ते आमच्या घरातलेच.

माझे आजोबा, म्हणजे अण्णा, आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना हे एकाच वाड्यात वाढले, एकाच पंक्तीला जेवले आणि एकाच बंडलातल्या बिड्या ओढत आले. नाना ५४ व्या वर्षी जठराच्या कर्करोगाने गेले. अण्णा ८७ वर्षांचे होऊन गेले आणि शेवटच्या वर्षापर्यंत त्यांच्या उशाशी काडेपेटी होती. घरात कोणी तंबाखूविरुद्ध बोलू लागले, की माझे एक काका ठरलेले उत्तर देतात, "अण्णांनी साठ वर्षं बिडी ओढली, त्यांना काय झालं?" त्या वेळी नानांच्या पत्नी, आमच्या काकीआजी, काही न बोलता स्वयंपाकघरात निघून जात.

काकांचे विधान खोटे नाही, हीच त्यातली अडचण. अशी एखादी व्यक्ती तुमच्याही घरात किंवा आळीत असेल. मागच्या वर्षी वर्गात या विषयावर बोलणे निघाले, तेव्हा एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हा जर जनुकांचा फरक असेल, तर आधी रक्त तपासून घ्यावं आणि अण्णांसारखी जनुकं निघाली तर ओढायला हरकत काय?" मी भौतिकशास्त्राचा माणूस. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचत गेलो आणि जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

धूर पोटात कसा जातो?

पहिली शंका तुम्हांलाही आली असेल. धूर जातो फुप्फुसात. मग जठराचा त्याच्याशी संबंध काय? फुप्फुसाचा, घशाचा, तोंडाचा कर्करोग समजण्यासारखा आहे, पण पोट?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण मिझोराममध्ये जाऊ. भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे ते या डोंगराळ राज्यात, विशेषतः ऐझॉल जिल्ह्यात. मेइझिओल नावाची एक स्थानिक सिगारेट तेथे ओढली जाते. शिवाय तंबाखूचा एक असा प्रकार तेथे आहे, जो आपल्याकडे कोणी ऐकलाही नसेल. त्याचे नाव तुइबुर. मिझो भाषेत 'तुइ' म्हणजे पाणी. तंबाखू जाळून तिचा धूर पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने सोडत राहतात. हळूहळू पाण्याचा रंग पालटतो, त्याला धुराचा उग्र वास येतो आणि ते बाटल्यांत भरून विकले जाते. लोक त्याचा लहानसा घोट तोंडात धरतात आणि काही वेळाने थुंकून टाकतात. मिझोराममधील रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करणारा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांना जठराचा कर्करोग होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळला आणि तुइबुर वापरणाऱ्यांचा धोकाही जवळजवळ तेवढाच निघाला.

तुइबुरची बाटली एक गोष्ट डोळ्यांना दाखवून देते, ती म्हणजे धूर पाण्यात उतरतो. आणि पाणी तर प्रत्येकाच्या तोंडात आहेच. दिवसाकाठी साधारण एक लिटर लाळ आपण निर्माण करतो आणि तिच्यातली बहुतेक गिळतो. धुरातील द्रव्ये या लाळेबरोबर थेट जठरात पोहोचतात. दुसरी वाट त्याहून गमतीची आहे. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूस सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. फुप्फुसात शिरलेली धूळ आणि काजळी चिकट श्लेष्म्यात पकडून हे तंतू ती वर घशाकडे ढकलतात, आणि घशाशी आलेला श्लेष्मा आपण नकळत गिळून टाकतो. म्हणजे फुप्फुसाने बाहेर काढलेला कचरा पोटात जातो! तिसरी वाट रक्ताची. फुप्फुसातून रक्तात मिसळलेले द्रव्य शरीरात कोठेही पोहोचू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये ल्योन येथे आहे. धूम्रपानामुळे जठराचा कर्करोग होतो याला पुरेसा पुरावा असल्याचा निर्णय तिने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. हा धोका फुप्फुसाच्या कर्करोगाइतका मोठा नव्हे. सर्व देशांतील अभ्यास एकत्र केले तर तो सुमारे दीडपट भरतो. पण जठराचा कर्करोग हा जगातील प्रमुख कर्करोगांपैकी एक असल्यामुळे ही दीडपट पुष्कळ घरांत जाऊन पोहोचते.

एका पिवळ्या स्फटिकाची कथा

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये सापडली आहेत आणि त्यांतील सुमारे सत्तर कर्करोगकारक आहेत. त्या सर्वांची यादी देण्यापेक्षा एकाचीच ओळख करून घेऊ. त्याचे नाव बेंझोपायरीन. बेंझीनची पाच षट्कोनी कडी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एकमेकांना जोडली, की हा रेणू तयार होतो. त्यात कार्बनचे २० आणि हायड्रोजनचे १२ अणू असतात.

याचा शोध लागण्यात भौतिकशास्त्राचा हात आहे, म्हणून मला त्याचे विशेष प्रेम. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे विशिष्ट कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली नोंदवले होते. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. पण डांबर म्हणजे हजारो द्रव्यांची खिचडी. त्यातला गुन्हेगार कोण? लंडनमधील केनावे यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हीगर यांच्या असे ध्यानात आले, की कर्करोग निर्माण करणाऱ्या डांबरांवर जंबुपार किरण पाडले तर ती चमकतात आणि त्या प्रकाशाच्या वर्णपटात सुमारे ४००, ४१८ आणि ४४० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ तीन ठळक पट्टे दिसतात. मग त्यांनी या तीन पट्ट्यांचा माग धरला. दोन टन डांबर घेऊन ते पुनःपुन्हा वेगळे करायचे, प्रत्येक भाग वर्णपटदर्शकाखाली धरायचा, पट्टे जेथे अधिक ठळक तो भाग ठेवायचा आणि बाकीचा टाकायचा. अखेर १९३३ साली थोडे पिवळे स्फटिक उरले. तेच बेंझोपायरीन.

एका सिगारेटच्या धुरात हे द्रव्य दहावीस नॅनोग्रॅम असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढेसे काय करणार, असे वाटेल. पण ॲव्होगाड्रोचा अंक वापरून हिशेब करून पाहा. या द्रव्याचा रेणुभार २५२ आहे. १० नॅनोग्रॅममध्ये रेणू निघतात सुमारे २४ लाख कोटी! एका पेशीचा बिघाड व्हायला एक रेणूही पुरू शकतो. अर्थात त्यांतले बहुतेक वाया जातात, नाहीतर माणूसजात केव्हाच संपली असती. ते वाया का जातात, हेच आता पाहायचे आहे.

वरचा नळ आणि खालचा नळ

बेंझोपायरीन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. शरीराला मात्र कचरा बाहेर टाकायचा असतो तो बहुतांशी पाण्यातून. तेलकट द्रव्य तसेच राहिले तर ते शरीरातील चरबीत साठत जाईल. म्हणून त्याला पाण्यात विरघळण्यासारखे करावे लागते आणि हे काम शरीर दोन टप्प्यांत करते.

पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, म्हणजे एन्झाइमे, या रेणूला ऑक्सिजन चिकटवतात. त्यांतील एकाचे नाव सीवायपी-१ए१. नाव मोटारीच्या क्रमांकासारखे आहे खरे, पण त्याला माझा इलाज नाही. ऑक्सिजन जोडल्यावर रेणूला एक 'मूठ' येते. दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाची विकरे त्या मुठीला ग्लुटाथायोन हा तीन ॲमिनो आम्लांचा लहानसा रेणू जोडतात. मग सगळे गाठोडे पाण्यात विरघळते आणि शरीराबाहेर पडते.

गोम आहे ती मधल्या अवस्थेत. मूळ बेंझोपायरीन बरेच निरुपद्रवी असते. ते आळशी असते, कोणाशी सहसा संयोग पावत नाही. ऑक्सिजन जोडला गेला, की ते भलतेच चपळ होते. ग्लुटाथायोनने त्याला वेळेवर गाठले तर ठीक. नाहीतर ते पेशीच्या केंद्रकात शिरून डीएनएमधील ग्वानीन या घटकाला चिकटून बसते. पुढे पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल केली जाते, तेव्हा या चिकटलेल्या जागी चुकीचे अक्षर पडू शकते. ही चूक पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या एखाद्या जनुकात झाली, तर कर्करोगाच्या वाटेवरचे एक पाऊल पडले. एकच पाऊल, सगळी वाट नव्हे. अशा अनेक चुका साचाव्या लागतात आणि त्याला बहुधा वर्षानुवर्षे लागतात.

शरीरानेच कचरा बाहेर टाकताना तो अधिक घातक करून ठेवावा, हे विचित्र वाटते ना? मलाही वाटले. पण ही यंत्रणा घडली ती वनस्पतींतील विषे आणि शिजवलेल्या अन्नातील किरकोळ करप यांच्यासाठी. दिवसाला वीस बिड्यांचा धूर तिच्या हिशेबात नव्हता.

आता आपला हौद मांडू. हौदातले पाणी म्हणजे तो मधला चपळ रेणू. वरच्या नळातून पाणी किती येईल ते धुरावर आणि पहिल्या टप्प्यातील विकरांवर अवलंबून आहे. खालचा नळ म्हणजे दुसऱ्या टप्प्यातील विकरे. पाणी जितके वर चढेल तितका डीएनएला धोका अधिक. गंमत अशी, की धुरातील द्रव्येच पेशीला पहिल्या टप्प्याची विकरे जास्त बनवायला लावतात. म्हणजे धूर जितका अधिक, तितका वरचा नळ आपोआप मोठा होतो!

समजा, मिनिटाला बाहेर पडणारे पाणी हौदातील पाण्याच्या प्रमाणात असते. मग पातळी वाढता वाढता अशा जागी स्थिर होईल, जेथे येणारे आणि जाणारे पाणी सारखे होते. खालच्या नळाची क्षमता निम्मी केली तर ही स्थिर पातळी दुप्पट होईल. आणि वरचा नळ बंदच असेल तर? खालचा नळ मोठा असो की लहान, पातळी शून्य. हे शून्य ध्यानात ठेवा. त्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

काहींच्या हौदाला तोटीच नसते

खालच्या नळाची विकरे बनवण्याच्या सूचना आपल्या जनुकांत असतात. त्यांतील एक जनुक पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. त्याचे नाव जीएसटीएम-१. बहुतेक जनुकांत माणसामाणसांत फरक असतो तो एखाद्या अक्षराचा. या जनुकाचे तसे नाही. पुष्कळ लोकांच्या गुणसूत्रातून ते अख्खेच्या अख्खे गळालेले असते, जणू पुस्तकातले एक पान कोणी फाडून नेले आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही असे फाटके पुस्तक मिळाले, तर त्या माणसाच्या शरीरात ते विकर मुळीच तयार होत नाही.

असे लोक विरळा असतील असे वाटेल, पण यूरोपात सुमारे निम्मे लोक असे आहेत! भारतात हे प्रमाण त्याहून कमी असून जमातीजमातीत बदलते. साधारणपणे दर तीनचार माणसांत एक असे धरायला हरकत नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांनी एक हिशेब करून पाहावा. निम्म्या माणसांना दोन्ही प्रती फाटक्या मिळत असतील, तर एकूण प्रतींपैकी किती फाटक्या असल्या पाहिजेत? निम्म्या नव्हेत. उत्तर ०.५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.७. तेथे शंभरातली सत्तर पुस्तके पान फाटलेली आहेत आणि तरी माणसे सुखाने जगत आहेत. याचे कारण असे, की या कुळात इतरही विकरे आहेत. एक तोटी नसली तरी दुसऱ्या तोट्यांतून पाणी जातच राहते, फक्त जरा सावकाश. शिवाय डीएनएवर चिकटलेले रेणू कापून काढणारी दुरुस्ती यंत्रणाही असते आणि तिच्याही जनुकांत माणसागणिक फरक असतात.

सख्ख्या भावांत असा फरक असू शकतो का? अवश्य. आई आणि वडील या दोघांकडेही एकेक प्रत धड आणि एकेक फाटकी असेल, तर दर मुलाला दोन्ही प्रती फाटक्या मिळण्याची संभाव्यता एकचतुर्थांश. एका भावाला तोटी मिळेल, दुसऱ्याला मिळणार नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोघे एकमेकांची प्रतिकृती दिसतील.

आकडे किती मोठे?

येथपर्यंत वाचून काही जणांना वाटेल, की चला, नानांचे कोडे सुटले. मलाही क्षणभर तसे वाटले होते. पण आकडे पाहिल्याशिवाय भौतिकशास्त्राच्या माणसाने कशावर विश्वास ठेवू नये.

हे जनुक नसलेल्यांना जठराचा कर्करोग किती अधिक होतो, याचे जगभर अनेक अभ्यास झाले. मिझोराम विद्यापीठातील संशोधकांनीही अशाच विकरांची जनुके तेथील रुग्णांत तपासली आहेत. लहान लहान अभ्यासांतून निघालेले निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कोठे धोका दुप्पट, कोठे काहीच फरक नाही. नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा येण्यात नवल नाही. हजार वेळा उडवले तर सातशे छापे येणार नाहीत. तसेच येथे झाले. सर्व अभ्यास एकत्र केल्यावर उरलेला फरक लहान आहे, दीडपटीच्याही आतला. यूरोप आणि अमेरिकेपेक्षा आशियातील लोकांत तो अधिक स्पष्ट दिसतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याला अर्थ येतो, कारण हौदात पाणी त्यांच्याच आहे.

केवळ कल्पना यावी म्हणून एक मनचे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावात धूम्रपान न करणाऱ्या १००० माणसांपैकी १० जणांना आयुष्यात हा रोग होतो. धूम्रपानाने धोका दीडपट झाला तर ओढणाऱ्या हजारांत १५ होतील. त्यांतही तोटी नसलेल्यांचा धोका आणखी सव्वापट धरला तर सुमारे १९. म्हणजे तोटी नसलेल्या, बिडी ओढणाऱ्या हजारांतले ९८१ लोक या रोगातून सुटतीलच आणि त्यांच्या घरी काकांसारखे कोणीतरी म्हणेल, यांना काय झाले? पण १० चे १९ झाले आहेत, आणि त्या नऊ जणांच्या घरांतही माणसे आहेत.

जपानमधील गाठी काय सांगतात

सगळ्याच जनुकांचा परिणाम असा अंधूक असतो असे नाही. एक उदाहरण इतके स्वच्छ आहे, की ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ते आपल्याकडचे नसून पूर्व आशियातले आहे.

मद्य शरीरात गेले, की त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे ॲसिटिक आम्ल. मधले ॲसिटाल्डिहाइड विषारी असते. म्हणजे पुन्हा तोच हौद. त्याला रिकामे करणारी तोटी म्हणजे एएलडीएच-२ नावाचे विकर. जपान, कोरिया आणि चीन येथील पुष्कळ लोकांत या विकराच्या जनुकात एका अक्षराचा फरक असतो आणि त्यामुळे ही तोटी जवळजवळ बुजते. असे लोक थोडे मद्य प्यायले तरी त्यांचा चेहरा लालबुंद होतो. तंबाखूच्या धुरातही ॲसिटाल्डिहाइड भरपूर असते. म्हणजे वरून दोन नळ आणि खाली तोटी बुजलेली!

२०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी जठराच्या कर्करोगाच्या ५३१ गाठींतील डीएनए तपासला. त्यांतील ३१९ आशियातील रुग्णांच्या होत्या. प्रत्येक कर्करोगकारक डीएनएवर आपल्या ठेवणीच्या चुका पाडतो. पत्रावर सही नसली तरी अक्षरावरून लिहिणारा ओळखावा, तसे या चुकांवरून कारण ओळखता येते. तपासलेल्या गाठींत एक वेगळाच गट निघाला. त्यात मद्याशी निगडित असलेली चुकांची ठेवण स्पष्ट दिसत होती. या गटातील जवळजवळ सर्व गाठींचा उगम तीन गोष्टींपाशी जात होता: मद्यपान, धूम्रपान आणि बुजलेली तोटी. जनुक आणि सवय यांचा संयोग येथे संख्याशास्त्राच्या धुक्यातून नव्हे, तर खुद्द गाठीच्या डीएनएमध्ये वाचता आला.

जठराच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण मात्र धूर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ते आहे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा नागमोडी जीवाणू. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांनी तो १९८२ साली प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मार्शल यांनी स्वतः त्या जीवाणूंचा पेला पिऊन पाहिला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. येथेही जनुके मध्ये येतातच. २०२३ साली जपानमधून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या काही जनुकांत गंभीर दोष असलेली माणसे पाहिली. त्यांना या जीवाणूचा संसर्ग झाला असेल, तर वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा सुमारे ४५ निघाली. संसर्ग असून असा दोष नसलेल्यांत ती शेकडा सुमारे १४. असे गंभीर दोष फार थोड्या लोकांत असतात. ज्यांच्या कुटुंबात हा रोग पिढ्यान् पिढ्या दिसतो, त्यांची तपासणी डॉक्टर करतात ती अशाच जनुकांसाठी.

भारतात हा जीवाणू पुष्कळ लोकांच्या पोटात आहे, तरी जठराचा कर्करोग जपानच्या मानाने बराच कमी. मिझोराममध्ये मात्र तो जास्त. तेथे तंबाखू आहे, धुरावर वाळवलेले खारे मांस आहे, डुकराच्या चरबीपासून आंबवून केलेले साउम आहे आणि लोकांच्या जनुकांची ठेवणही निराळी आहे. यांतले कोणाचे किती, हे सोडवण्याचे काम चालू आहे. तुमच्यापैकी कोणी ते पुढे हाती घेईल.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. रक्त तपासून, जीएसटीएम-१ आहे असे कळले, तर ओढायला हरकत काय? मी त्याला पुढच्या आठवड्यात फळ्यावर हौद काढून दाखवला. त्या हौदाला एक तोटी नसते, अनेक असतात. तपासणीत एका तोटीची खबर मिळते, बाकीच्यांची नाही. धुरात एक द्रव्य नसते, सुमारे सत्तर कर्करोगकारक असतात, आणि त्यांतील नायट्रोसअमाइनांसारख्या द्रव्यांचे नळ आणि तोट्या निराळ्याच. शिवाय हा हौद फक्त कर्करोगाचा. तंबाखूने हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर होणाऱ्या परिणामांचा हिशेब त्यात धरलेलाच नाही, आणि अण्णांना शेवटची दहा वर्षे जिना चढताना दोनदा बसावे लागे, हे काका कधी सांगत नाहीत. मुलाने फळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "म्हणजे सर, वरचा नळ तेवढा आपल्या हातात आहे?" मी म्हटले, गणित तरी तसेच सांगते.

अण्णांना काय मिळाले होते आणि नानांना काय मिळाले नव्हते, हे मला कधीच कळणार नाही. त्या काळी कोणी रक्त जपून ठेवले नाही. त्यांच्यातला फरक जनुकांचा असेल, जीवाणूचा असेल, की केवळ कोणत्या पेशीत कोणते अक्षर चुकले या योगायोगाचाही असेल. काकीआजींना मी हे सगळे एकदा समजावून सांगितले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग ह्यांची काही चूक नव्हती ना रे?" तोट्यांच्या बाबतीत नव्हती, असे मी सांगितले.

शिक्षकांना वर्गात हौद करून दाखवायचा असेल तर तो सोपा आहे. पत्र्याचा एक उंच डबा घ्या. त्याच्या बुडाशी एकाच खिळ्याने सारखी दोन भोके पाडा. नळ बारीक सोडून डबा त्याखाली धरा आणि पातळी स्थिर झाली, की खूण करा. आता एक भोक मेणाने बुजवा आणि पुन्हा थांबा. पातळी दुप्पट होईल असा तुमचा अंदाज असेल, पण ती जवळजवळ चौपट होईल! कारण डब्यातून पडणारे पाणी उंचीच्या नव्हे, उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पडते. टॉरिचेलीचा नियम आठवा. शरीरातील विकरांचे काम द्रव्य थोडे असताना सरळ प्रमाणात चालते, म्हणून तेथे दुप्पट. पहिली खूण चार सेंटिमीटरच्या आतबाहेर राहील इतकाच नळ सोडा, नाहीतर दुसऱ्या वेळी डबा ओसंडेल. आणि खाली बादली ठेवायला विसरू नका.